लाईट गेली, ओळ राहिली का?

होस्टेलमध्ये लाईट गेली की आधी सगळ्या मजल्यांवरून एक सामुदायिक आरोळी उठते आणि मग अंधारात कुणीतरी विचारतं, “सेव्ह केलं होतं का बे?” २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र ज्या शहराच्या उशाशी आहे तिथे हा प्रश्न पडावा ही गंमतच. पण आजचा विषय वीज नाही, तो ‘सेव्ह’ आहे. सेव्ह म्हटल्यावर नेमकं काय होतं, कुठे होतं आणि कुणाच्या भरवशावर होतं, हे तपासण्यात आमचं अख्खं सहावं सेमिस्टर गेलं.

आपल्या लॅबमधल्या लिनक्सवर फाईली सांभाळायचं काम ‘एक्स्ट-फोर’ नावाची फाईल सिस्टिम करते. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ या कर्नेलपासून ती पक्की म्हणून जाहीर झाली. तिचा कारभार आपल्या दुकानदारासारखा आहे. व्यवहार आधी कच्च्या वहीत, मग सवडीने खतावणीत. कच्ची वही म्हणजे जर्नल. मध्येच लाईट गेली तर मशीन पुन्हा सुरू होताना कच्ची वही वाचली जाते आणि अर्धवट राहिलेली खतावणी पुरी केली जाते. ही वही साधारण दर पाच सेकंदांनी बंद होते. ज्या प्रोग्रामला तेवढा धीर नाही तो ‘एफसिंक’ म्हणून हाक मारतो, म्हणजे “आत्ताच्या आत्ता लिहा, मी थांबलोय.”

अडचण अशी, की खतावणीच्या पानावर एक आकडा बदलला तरी जुन्या पद्धतीत ते सबंध पान, म्हणजे चार किलोबाइटचा ब्लॉक, कच्च्या वहीत उतरवावा लागतो. शिवाय इतरांचे तेव्हाचे व्यवहारही त्याच गाठोड्यात बांधले जातात. सारख्या हाका मारणारे प्रोग्राम मग रांगेत ताटकळतात.

यावर २०२० मध्ये ५.१० कर्नेलमध्ये ‘फास्ट कमिट’ नावाची सोय आली. ती लिहिली गुगलमधल्या हर्षद शिरवाडकर यांनी. नाव वाचून आम्हाला उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. जुलै २०२४ मध्ये युसेनिक्सच्या वार्षिक परिषदेत त्यांनी सौरभ कडेकोडी आणि थिओडोर त्सो यांच्यासोबत यावर निबंधही मांडला. कल्पना साधी आहे. सबंध पान उतरवू नका, ‘अमुक फाईलला अमुक ब्लॉक जोडले’ एवढी एकच ओळ लिहा. बदल फारच गुंतागुंतीचा असला तर मुकाट्याने जुन्या पद्धतीने पान उतरवा. आली तेव्हा ही सोय प्रायोगिक म्हणूनच आली, आणि फाईल सिस्टिम बनवताना ती आपण होऊन लागत नाही, मागून घ्यावी लागते.

आता हे सगळं आम्ही का तपासलं? माझ्या मामामुळे. मामाचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे जंगलात. वनहक्क कायद्यानंतर त्या भागातल्या बऱ्याच ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः बघतात. मामा फळीवर वही सांभाळतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. कुणी किती पुडे आणले ते रोज संध्याकाळी नावासमोर चढतं आणि त्यावरच मजुरी ठरते. एक ओळ गेली म्हणजे उन्हात पहाटेपासून पानं तोडणाऱ्या कुणाचा तरी दिवस गेला. ग्रामसभेला एक जुना कॉम्प्युटर द्यायचा आमच्या ग्रुपने ठरवलं. मामा म्हणाला, “वही वल्ली झाली त वाळवता येते बापू. तुह्या डब्यातलं गेलं त कोठून आणाचं?”

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळेना. म्हणून टेस्ट करायचं ठरलं.

एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो क्रमांक घालून एक ओळ लिहितो, एफसिंक करतो, आणि ‘झालं’ असं उत्तर आल्यावरच तो क्रमांक केबलने दुसऱ्या मशीनला कळवतो. दुसरं मशीन यूपीएसवर. मग पहिल्याचा प्लग उपटायचा. पुन्हा सुरू केल्यावर एकच बघायचं : दुसऱ्याला कळवलेली शेवटची ओळ पहिल्यात आहे की नाही? एक जण म्हणाला, “व्हर्च्युअल मशीन बंद करून पाह्य ना, प्लग काहून काढतं?” पण तसं केल्याने खऱ्या डिस्कची वीज जातच नाही. डिस्कच्या पोटात स्वतःची तात्पुरती मेमरी असते आणि खरी परीक्षा तिची असते.

वीस वेळा जुनी पद्धत, वीस वेळा फास्ट कमिट. प्लग काढायचा मान पाळीपाळीने. दोनदा तर आमचा हात पोचायच्या आधीच लाईट गेली, तेही मोजणीत धरलं. वेगाचा निकाल लगेच दिसला. छोट्या ओळी आणि सतत एफसिंक असेल तर फास्ट कमिट सरळ पुढे. सिनेमाची मोठी फाईल कॉपी करताना मात्र फरक हाताला लागेना, कारण तिथे हाकाच नाहीत. आणि ओळी? लॅबच्या डिस्कवर दोन्ही पद्धतींत एकही ओळ गेली नाही.

मग तीच टेस्ट मामासाठी मिळालेल्या जुन्या डिस्कवर लावली आणि ओळी गेल्या. फास्ट कमिटमध्येही गेल्या, जुन्या पद्धतीतही गेल्या. फाईल सिस्टिम म्हणते लिहा, डिस्क म्हणते लिहिलं, आणि प्रत्यक्षात ते डिस्कच्या पोटातच! डिस्कची ती मेमरी बंद केल्यावर ओळी जाणं थांबलं, पण वेग इतका पडला की फास्ट कमिटची सगळी कमाई त्यात बुडाली. आम्ही नव्या सोयीवर संशय घेऊन निघालो होतो, सापडली वेगळीच भानगड. नुसता वेग मोजला असता तर हीच डिस्क सगळ्यात भारी ठरली असती.

वीस वेळा ओळ टिकली म्हणजे एकविसाव्यांदा टिकेलच असं नाही, हेही सांगायला पाहिजे. २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या काही जणांनी असे क्रॅश पद्धतशीर घडवून जुन्याजाणत्या फाईल सिस्टिममध्ये दहा नवे दोष शोधले होते. त्यांच्यापुढे आमचे वीस प्लग म्हणजे पोरखेळ. पण या पोरखेळाने एक डिस्क तरी पकडली.

शेवटी मामाच्या मशीनमध्ये दुसरी, तपासलेली डिस्क घातली आणि फास्ट कमिट लावलं नाही. ते वाईट आहे म्हणून नव्हे. सेकंदाला शेकडो एफसिंक झेलणाऱ्या सर्व्हरला त्याचा खरा उपयोग. मामाच्या फळीवर संध्याकाळी काहीशे ओळी चढतात, आणि तिथे थांबतो तो कॉम्प्युटर, माणूस नव्हे. ज्याला घाई नाही त्याच्या माथी प्रायोगिक वेग कशाला मारायचा?

आणि हो, वहीसुद्धा चालू आहे. मामा आधी वहीत लिहितो, मग कॉम्प्युटरमध्ये. जर्नल म्हणजे काय ते त्याला समजावून सांगायची गरजच पडली नाही.