रचणे: हाताचे आणि क्रमाचे क्रियापद

कोकणात भाताची उडवी उभी राहते तेव्हा भारे नुसते टाकलेले नसतात, रचलेले असतात. कणसे आत, बुडखे बाहेर, माथा निमुळता. पाऊस आलाच तर पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते आणि दाणा कोरडा राहतो. मराठवाड्यातली कडब्याची गंजीही अशीच पेंढीवर पेंढी चढत जाते.

ढीग कोणीही घालतो. रचायला मात्र खाली काय, वर काय आणि मध्ये किती जागा, याची जाण लागते. वीटभट्टीवर हे फार स्पष्ट दिसते. कच्च्या विटांच्या थरांमध्ये कोळसा पसरतात, पण विटा एकमेकींना खेटून लावत नाहीत. धग फिरायला फटी ठेवतात. त्या चुकल्या तर आतल्या विटा कच्च्याच राहतात. म्हणजे मोकळी सोडलेली जागाही रचण्याचाच भाग. सरण रचणाऱ्यालाही हे ठाऊक असते.

संत बहिणाबाईंनी वारकरी परंपरेची इमारत कल्पिली, तेव्हा ज्ञानदेवांनी घातलेल्या पायासाठी हेच क्रियापद निवडले आणि तुकोबांना कळस म्हटले. ज्ञानेश्वरी 1290 ची, तुकोबा सतराव्या शतकातले. सुमारे साडेतीनशे वर्षे चाललेले हे बांधकाम!

या क्रियापदाची एक बाजू मात्र बोचते. मडक्यावर मडके ठेवले की उतरंड होते आणि सगळा भार तळच्या मडक्यावर येतो. जातिव्यवस्थेसाठी मराठीने हाच शब्द घेतला. पण ‘जातीची उतरंड आहे’ असे आपण सहज म्हणतो. ती कोणी रचली, हे वाक्यातून गळून जाते. उतरंड आपोआप उभी राहत नाही. कर्ता वाक्यात परत आणलाच पाहिजे.

बातम्यांत आता हे क्रियापद बहुतेक वेळा कट, बनाव आणि सापळा यांच्याच सोबतीला दिसते. दहीहंडीच्या दिवसांत तेवढे थर रचले जातात. तिकडे शेतात कापणी आणि मळणी एकाच यंत्राने उरकली की उडवीची गरजच उरत नाही, आणि भारा कसा फिरवायचा, शेवटचा थर कसा बांधायचा हे सांगणारे शब्दही बोलण्यातून जातात. उडवी, गंजी, भट्टी रचणारी माणसे अजून गावोगावी आहेत. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, तर त्याच्याकडून हे शब्द त्याच्याच बोलीत लिहून घ्या.