ओढणीआड वाकलेले खांदे

काल पाहुण्यांना आपल्या लोणारचं दैत्यसूदन मंदिर दाखवायला नेलं. भिंतीवरच्या भरल्या अंगाच्या शिल्पांचं सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. सोबतची माझी भाची मात्र ओढणी आवळून, खांदे वाकवून उभी. पंधराव्या वर्षी मीही अशीच चालायचे. गणवेशाची बटणं ताणायची, लोक बघायचे, म्हणून धावणंच सोडलं.

पुढे शिवणकाम शिकले तेव्हा कळलं, चूक अंगाची नव्हती, मापाची होती. म्हणून मैत्रिणींनो, छाती भरलेली असेल तर रेडीमेड कुर्ता छातीच्या मापानं घ्या आणि कंबरेत, खांद्यात फिटिंग करून घ्या. ब्लाउज कटोरी किंवा प्रिन्सेस कट शिवा. माप देताना नीट मापाची ब्रा घातलेली असू द्या. अगदी बंद गळ्यापेक्षा थोडा व्ही गळा शोभतो. ढगळ कपड्यात अंग लपत नाही, उलट जास्तच जाड दिसतं.

शाळांना आणि गणवेश शिवणाऱ्यांना एकच विनंती : सगळ्या मुली एका साच्यात बसवू नका. शिवणीत जरा माया ठेवा. दगडातल्या बाईचं कौतुक करतो ना आपण? मग घरातल्या पोरीलाही ताठ चालू द्या!