फोटोतला पट्टा बघा

आमच्या घरी आज्याचा फौजी वेशातला फोटो आहे. घरचे सांगतात, आजा पहिल्या महायुद्धात लढला. पण फोटोत छातीवर दोन मोठे चौकोनी पाऊच आहेत. ब्रेन गनची मॅगझिनं मावतील असे हे पाऊच १९३७ च्या नमुन्याचे. म्हणजे फोटो १९१७ साली उभ्या राहिलेल्या १११ व्या महार पलटणीतला असूच शकत नाही. ती १९२१ साली मोडली.

१९०८ च्या नमुन्यात दोन्ही बाजूंना पाच-पाच छोटे पाऊच, मिळून १५० काडतुसं. १९०३ चा तर खांद्यावरून आडवा जाणारा चामडी पट्टा. सावध मात्र राहा. जुनं सामान पुढच्या युद्धातही वापरलं जातं, त्यामुळे १९०८ चा पट्टा दिसला म्हणून साल ठरत नाही. नवं सामान मागे जात नाही, एवढंच पक्कं.

काका नाराज झाले. का व्हावं? १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते आणि त्याच ऑक्टोबरात बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आजा तिच्यातला होता का, हे टोपीवरचा बिल्ला आणि पेन्शनचे कागद सांगतील. आपला इतिहास नाकारणारे एक चुकीचं साल पकडून सगळंच खोटं ठरवतात. (कोरेगावचा १८१८ चा ‘फोटो’ पाठवणाऱ्यांनो, तेव्हा कॅमेराच नव्हता!)

फोटो मोठा करताना स्टुडिओवाले चेहरा ठेवतात, छाती कापतात. कापू देऊ नका. मागची बाजूही स्कॅन करा.