सदुसष्टाव्या वर्षी मोडी!

मला मोडी वाचता यायला लागली! भाजीवालीपासून नातवाच्या मित्रांपर्यंत भेटेल त्याला मी हे सांगत सुटलेय. एवढा आनंद एकटीनं ठेवायचा तरी कुठे?

बँकेतून निवृत्त झाल्यावर मोडीच्या वर्गाला नाव घातलं ते निव्वळ कुतूहलापोटी. सावकाराचा रोखा, गावचा हिशेब, पेशव्यांचा हुकूम, आपल्या माणसांचा शेकडो वर्षांचा व्यवहार या लिपीत चालला. माझ्या आजोबांना ती शाळेत होती. माझ्या वेळेपर्यंत अभ्यासक्रमातून गेलेली. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता सरसर लिहीत जायचं. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्वदीर्घाचा भेद नाही. पहिला कागद समोर आला तेव्हा शाईचा नुसता गुंता दिसला. आणि मग एके दिवशी त्यातून ‘राजश्री’ उठून आलं, पाठोपाठ ‘विनंती’, आणि अंगावर काटाच आला. अडीचशे वर्षांपूर्वीचा कुणी कारकून माझ्याशी बोलत होता!

तारखेचीच गंमत बघा. ‘सबा सबैन मया व अलफ’. हे अरबी आकडे: सात, सत्तर, शंभर, हजार. झाला त्या काळच्या कागदांतला शुहूर सन 1177. हा सन मृगाला सुरू होतो. त्यात 599 मिळवले की 1776 चा पावसाळा! पुण्यात सवाई माधवराव जेमतेम दोन वर्षांचे, कारभार नाना फडणिसांच्या हाती. एका ओळीत केवढा काळ उघडला!

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. वर्गात माझ्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा बसतो. नजर तीक्ष्ण, अक्षरं माझ्याआधी ओळखतो. एका धान्याच्या हिशेबात तो ‘पायली’पाशी अडला. आणि मला? आजीच्या ओसरीवरची पायली डोळ्यांपुढे आली, वर हात फिरवून सपाट केलेलं भात आलं, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, सगळं भराभर आठवलं आणि पुढच्या तीन ओळी मी धडाधड वाचून काढल्या. मोडीत निम्मं वाचन अक्षरांचं आणि निम्मं अंदाजाचं असतं, आणि तो अंदाज येतो जगण्यातून. इतकी वर्षं निरुपयोगी म्हणून मनात पडून राहिलेलं किती काय काय इथे कामाला येतंय! म्हातारपणी शिकायला उशीर होतो म्हणतात. काही गोष्टी म्हातारपणीच नीट शिकता येतात, असं मला आता ठामपणे वाटतं.

इतिहासकार गो. स. सरदेसाईंचंच बघा ना. जन्म 1865 चा. बडोद्याची नोकरी संपवून साठी ओलांडल्यावर त्यांनी पेशवे दफ्तरात हात घातला. तिथे रुमालांत बांधलेले मोडी कागद अक्षरशः कोट्यवधी. त्यांतून निवडून त्यांनी 45 खंड काढले. मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास प्रसिद्ध झाला तेव्हा तर ते ऐंशीच्या पुढे होते.

डेनिस पार्क नावाच्या अमेरिकन संशोधिकेचा 2014 मधला एक प्रयोगही वाचनात आला. साठी ते नव्वदीतल्या माणसांना तीन महिने गोधडी शिवणं किंवा डिजिटल फोटोग्राफी शिकवली. नुसत्या गप्पाटप्पा, सहली करणाऱ्यांपेक्षा या नवं काही शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारली. वाचून बरं वाटलं. पण गुडघे दुखत असताना वर्गाचे दोन जिने मी चढते ते स्मरणशक्तीसाठी नव्हे. पुढच्या ओळीत काय लिहिलंय ते कळल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून!

आमच्या कोकणातल्या घरी माळ्यावर एक पेटी आहे. ‘जुने कागद, कुणाला कळत नाहीत’ म्हणून पिढ्यान्पिढ्या कुणी उघडली नाही. या दिवाळीत उघडणार! दिरांना सांगून ठेवलंय, नातवंडांनाही बसवणार आहे सोबत. आणि तुमच्याही माळ्यावर असे कागद असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका हो. मोडीच्या जवळच्या वर्गाची चौकशी करा आणि जाऊन बसा पहिल्या बाकावर!