गाडीवरून फेकलेला माणूस

जुनं रीळ हातात आलं की मी आधी त्याचा डबा उघडून वास घेते. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की समजायचं, फिल्म आतून सडायला लागली आहे. असं रीळ बाकीच्या रिळांजवळ ठेवू नये, एकाची कीड दुसऱ्याला लागते. तरी ते मिळालं तिथेच सोडून निघताना जीव तुटतो.

न्यू जर्सीत, एडिसनमध्ये राहायला आले तेव्हा मला हे वेड नव्हतं. इथे घरातलं जुनं माणूस गेलं की मुलं तळघरातलं सामान अंगणात मांडून विकतात. अशाच एका अंगणात आठ मिलिमीटरचा प्रोजेक्टर मिळाला आणि सोबत बुटांच्या खोक्यात काही रिळं. त्यांतल्या एकाच्या डब्यावर ब्लॅकहॉक फिल्म्सची चिठ्ठी होती: ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’. आयोवातल्या डॅव्हनपोर्टची ही कंपनी जुने मूकपट छोट्या फिल्मवर उतरवून टपालाने घरोघरी पाठवायची. व्हिडिओ नव्हता तेव्हा आवडता सिनेमा आपल्या कपाटात ठेवायचा, तर तो असा.

एडविन पोर्टरने एडिसनच्या कंपनीसाठी केलेला हा 1903 सालचा चित्रपट जेमतेम बारा मिनिटांचा. काउबॉयपटांची सारी वंशावळ त्याच्यापाशी येऊन थांबते, आणि त्यातलं रानटी पश्चिमेचं रान मात्र न्यू जर्सीचं! साउथ माउंटनच्या ज्या झाडीत आम्ही रविवारी फिरायला जातो, तिथेच ते चित्रण झालं. पहिल्यांदा भिंतीवर ती झाडं हलताना पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून भिंतीजवळ गेले होते.

याच न्यू जर्सीत, लिटल फेरीला, जुलै 1937 मध्ये फॉक्स या चित्रपट कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत सगळी नायट्रेटची फिल्म. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. काउबॉयपटांचा नायक टॉम मिक्स याचे कितीतरी मूकपट त्या आगीत गेले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 2013 च्या अहवालानुसार, पूर्ण लांबीच्या अमेरिकन मूकपटांपैकी जेमतेम 14 टक्के मूळ रूपात शिल्लक आहेत. काही तर निव्वळ लहान मापाच्या फिल्मवर उरले. मोठ्या गोदामांना जे जमलं नाही ते कुणाच्या तरी कपाटाने केलं, हे आठवलं की मी रिळांवरची धूळ जास्तच हळुवारपणे पुसते.

माझं ते रीळ सगळीकडे सारखं झिजलेलं नाही. पहिल्या दोन-तीन मिनिटांत फिल्म स्वच्छ आहे. मग दरोडेखोर गाडीवर चढतात, इंजिनामागच्या कोळशावर झटापट होते, आणि तिथे एकाएकी पडद्यावर पाऊस पडावा तशा उभ्या रेघा सुरू होतात. भिंगाखाली धरलं तर कडेची भोकं दात लागून फाटलेली, दोन ठिकाणी चिकटपट्टीचे जोड, एका चौकटीवर दिव्याच्या उष्णतेने आलेला तपकिरी फोड. चौकट केवढी, तर करंगळीच्या नखाहून लहान. त्या घरात कुणीतरी इथेच गाडी थांबवली, मागे घेतली, पुन्हा पुढे सोडली, कितीदा कोण जाणे. पुढची दरोड्याची, पाठलागाची फिल्म पुन्हा जवळजवळ कोरी.

त्या झटापटीत कोळशाच्या ढेकळाने ठेचलेला माणूस क्षणात बाहुलं होतो, आणि दरोडेखोर ते गाडीवरून खाली भिरकावतो.

आता मीही तिथे पोचले की खटका उलटा फिरवते. प्रोजेक्टरचा सूर बदलतो. रुळांच्या कडेचं बाहुलं हवेत उठतं, धावत्या गाडीवर दरोडेखोराच्या हातात येऊन पडतं, आणि माणूस होऊन पुन्हा त्याच्याशी झुंजायला उभं राहतं.