जिंकलात? मग एक चिप डीलरची!

लास वेगासहून आलेली मंडळी काय काय सांगतात! बेलाजिओसमोरची नाचणारी कारंजी, पहाटे तीनला मिळणारा पिझ्झा, स्लॉट मशीनने गिळलेले वीस डॉलर आणि 'मी वेळेवर उठलो म्हणून' वाचलेले शंभर. पण पोकर रूममध्ये बसलात आणि पॉट जिंकलात, तर पत्ते वाटणाऱ्या डीलरला किती टिप द्यायची? हे मात्र कोणी सांगत नाही. विचारलंत तर 'छे, आम्ही नुसते फिरायला गेलो होतो' असं उत्तर येतं. ठीक आहे. मग मी सांगते.

मी मूळची ठाण्याची. कंपनीने फिनिक्सला ऑनसाइट पाठवलं तेव्हा कळलं, की वेगास तिथून गाडीने जेमतेम पाच तासांवर आहे. मग काय, लाँग वीकएंड आला की आमची गँग निघायची. कोणी शोला, कोणी शॉपिंगला. मी पोकरला. मे महिन्याच्या सुट्टीत आजीबरोबर मेंढीकोट खेळून वाढलेल्या मुलीला पत्त्यांचं वेड असणारच, त्यात नवल काय?

आधी एक बेसिक फंडा. ब्लॅकजॅक किंवा रूलेमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळता. पोकरमध्ये तुम्ही एकमेकांविरुद्ध खेळता. कॅसिनो टेबल देतो, खुर्ची देतो, डीलर देतो आणि प्रत्येक पॉटमधून स्वतःचा ठरलेला हिस्सा कापून घेतो. त्याला म्हणतात 'रेक'. म्हणजे तुम्ही जिंका नाहीतर हरा, डीलरला सोयरसुतक नसतं. तिने नीट पत्ते वाटायचे, पॉट मोजायचा, कोणाचा हात मोठा ते अचूक वाचायचं, तीन जण ऑल-इन गेले तर साइड पॉट वेगळे काढायचे, आणि टेबलावरच्या दोन पेताडांना भांडू द्यायचं नाही. हे सगळं तासाला साधारण तीस वेळा. दर अर्ध्या तासाने उठून दुसऱ्या टेबलावर.

आता तिचा पगार बघा. नेवाडात किमान वेतन जुलै २०२४ पासून तासाला १२ डॉलर आहे, आणि तिथे टिप मिळते म्हणून मालकाला त्यातून काही कापता येत नाही. पण अमेरिकेच्या फेडरल कायद्यात टिपवर जगणाऱ्या कामगारासाठी रोख किमान वेतन आहे तासाला २ डॉलर १३ सेंट. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही! उरलेलं गिऱ्हाइकाने भरायचं, असा तो सरळ हिशेब. काही राज्यांनी स्वतःचे आकडे वाढवले, काहींनी नाही. वेगासचा डीलर त्या मानाने सुखी. तरीही १२ डॉलरमध्ये त्या शहरात घरभाडं, गाडी, मुलांची शिक्षणं? विसरा. तिचं घर चालतं ते टिपवर. तिथल्या बोलीत या टिपला म्हणतात 'टोक'.

तुम्हाला आणि मला हे कळायला एकच उदाहरण पुरे. समजा, तुमच्या पगाराचा मोठा हिस्सा व्हेरिएबल पे आहे. आणि अप्रेझल वर्षातून एकदा नाही, तर दर अर्ध्या तासाने होतं. बॉस नऊ. त्यातले चार हरतायत, दोन प्यायलेत, एक झोपलाय. झोप लागेल?

आमच्या टीममधल्या एका मित्राला मात्र हे पटेना. मुलगा हुशार, सगळं आयुष्य एक्सेल शीटमध्ये मांडणारा. त्याचं म्हणणं, "रेक देतोच ना आपण? मग डीलरला वेगळे पैसे कशाला? कॅसिनोला परवडत नाही का पगार द्यायला?" मुद्दा चूक नव्हता. त्याने हिशेबही करून दाखवला. तासाला तीस हात, टेबलावर नऊ जण, म्हणजे आपल्या वाट्याला तीन-साडेतीन पॉट. प्रत्येकी एक डॉलर धरला तर तासाला तीन डॉलर. दहा तास बसलं तर तीस. "एक डिनर झालं यार!" तो म्हणाला आणि एकही चिप न सरकवता निवांत खेळत राहिला.

त्याच वीकएंडला, एका रिकाम्या दुपारी, मी अर्ध्या भरलेल्या टेबलावर बसले होते. डीलर माझ्या आईच्या वयाची, मूळची फिलिपिन्सची, वीस वर्षं पत्ते वाटणारी. डाव्या मनगटाला पट्टा. एका खेळाडूची चिप्स मागवून येईपर्यंत डाव थांबला, तेव्हा मी सहज विचारलं, की दिवस कसा चाललाय? ती हसून म्हणाली, तिचा दिवस नसतोच, अर्धे अर्धे तास असतात. काही गोड, काही कडू. मग माझ्याकडे बघून, अजिबात कडवटपणा न आणता म्हणाली, "तुमच्याकडची चार मुलं एका टेबलावर दिसली, की तो अर्धा तास कसा जाणार हे मला आधीच कळतं."

ती हसली, मीही हसले. पण जिव्हारी लागलं. कारण त्या चारांतला एक कोण, ते मला नक्की माहीत होतं.

परतीच्या रस्त्यावर किंगमन येईपर्यंत आमची जुंपली. मी तिचं वाक्य सांगितलं. तो भडकला. "एका डॉलरच्या चिपवर देशाची अब्रू टांगू नकोस. मी काही भारताचा राजदूत नाही." खरं सांगू? ते मला पटलं. एखाद्या देशाच्या माणसांबद्दल कोणी काही मत करून घेतलं, म्हणून आपण खिशात हात घालायचा, हे काही खरं कारण नाही. खरं कारण साधं आहे. तिथली पद्धत अशी आहे की तिच्या कामाची अर्धी किंमत कॅसिनो देतो आणि अर्धी टेबल देतं. ही पद्धत तुम्हाला आवडो न आवडो, ती तिने बनवलेली नाही. पद्धत चुकीची आहे म्हणून निषेध करायचाच असेल तर कॅसिनोत पाऊल टाकू नका. टेबलावर बसून, खेळून, जिंकून, मग तिच्या हिश्शातून निषेध नोंदवायचा, हे काही बरोबर नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लहान पॉटला नाही देणार. वीस डॉलरच्या वर असेल तर एक देईन." मी म्हटलं, बाबा रे, नियम तोच तर आहे!

तर दोस्तहो, हा घ्या नियम.

छोट्या टेबलावर, म्हणजे जिथे ब्लाइंड एक-दोन किंवा एक-तीन डॉलरचे असतात तिथे, बऱ्यापैकी पॉट जिंकलात की एक डॉलर. मोठा, दोनशे-तीनशेचा पॉट आला तर दोन द्या, फार खुशीत असाल तर पाचची लाल चिप द्या. टक्केवारी काढत बसू नका, हे रेस्टॉरंट नाही. नुसते ब्लाइंड हाती लागले, फ्लॉपच आला नाही, तर काही द्यायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी अशा हातात कॅसिनोही रेक घेत नाही. आणि हरलात तर? टिप नाही. जो जिंकतो तोच देतो.

द्यायची कशी? पॉट तुमच्याकडे सरकवून झाला, की एक चिप डीलरपुढे अलगद ठेवा. ती चिप टेबलावर टक्-टक् वाजवेल आणि पेटीत टाकेल. तो आवाज म्हणजे थँक यू. चालू डावात पॉटमध्ये चिप भिरकावू नका, हिशेब चुकतो. पोकरमध्ये टेबलावरचे पैसे मध्येच उचलून खिशात घालता येत नाहीत, पण टिपला ती बंदी नाही. त्यामुळे सुटे नाहीत, ही सबब चालत नाही. पाचची लाल चिप द्या आणि चार परत मागा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

ड्रिंक्स आणणारी मुलगी: खेळणाऱ्याला ड्रिंक फुकट, पण ती फुकट राबत नाही. प्रत्येक खेपेला एक डॉलर, नुसती पाण्याची बाटली मागवलीत तरी. चिप्स आणून देणारा रनर, गाडी लावणारा व्हॅले, यांनाही एक-दोन डॉलर.

फ्लोअर सुपरवायझर: वाद सोडवणारा हा माणूस. याला टिप नको. निकालाआधी तर नकोच नको! वेटिंग लिस्टमध्ये नाव वर सरकवावं म्हणून कोणाच्या हातात नोट कोंबणं याला आपल्याकडे टिप म्हणत नाहीत, 'चहापाणी' म्हणतात. फरक तुम्हाला चांगला माहीत आहे.

टूर्नामेंट: इथे आधी माहितीपत्रक वाचा. कित्येक टूर्नामेंटमध्ये स्टाफसाठीचा हिस्सा एंट्री फी किंवा बक्षिसाच्या रकमेतून आधीच कापलेला असतो. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्येही तसंच असतं. कापला असेल तर वर देणं तुमच्या मर्जीवर. नसेल तर बक्षीस घेताना आठवण ठेवा.

आणि शेवटचं. टिप चांगल्या पत्त्यांसाठी नसते. पत्ते डीलरच्या हातात असतात, नशीब नसतं. हरल्यावर तिच्या अंगावर पत्ते फेकणारे महाभाग मी पाहिलेत. नंतर एक चिप टाकली म्हणून ते भरून निघत नाही.

ही टिप जाते कुठे, हाही प्रश्न मोठा रंजक. ब्लॅकजॅकसारख्या टेबलांवर सगळ्या डीलर्सच्या टिपा बहुधा एकत्र करून वाटतात. पोकरमध्ये मात्र अनेक ठिकाणी ज्याची त्याला. २००६ मध्ये विन लास वेगासने टेबल गेम्सच्या टिपांमध्ये सुपरवायझर्सनाही वाटेकरी केलं, तेव्हा डीलर्स कोर्टात गेले आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. शेवटी मार्च २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यातच घातलं, की मालक, मॅनेजर, सुपरवायझर यांनी कर्मचाऱ्यांच्या टिपा ठेवून घ्यायच्या नाहीत. २०२५ च्या नव्या कर कायद्याने तर २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी, ठरावीक उत्पन्न मर्यादेत, २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपांवर फेडरल आयकरात वजावट दिली, आणि पात्र व्यवसायांच्या यादीत कॅसिनो डीलरही आहेत. एक डॉलरच्या चिपमागे केवढं राजकारण!

जगभर मात्र हा नियम लावू नका. ऑस्ट्रेलियाच्या कॅसिनोत डीलरला टिप घ्यायची परवानगीच नाही. तिथे प्रेमाने चिप सरकवाल तर तीच बिचारी अडचणीत यायची.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कागदावरच राहिला आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे मुंबई-पुण्याची मंडळी पणजीला मांडवीतल्या बोटी गाठतात. ऑनलाइन पोकरमध्ये डीलर माणूस नसायचाच, टिपचा प्रश्न नव्हता. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. त्यामुळे स्क्रीनवर शिकलेली मंडळी खऱ्या टेबलावर बसली, तर समोर जिवंत माणूस पत्ते वाटत असणार. वेगासचे आकडे तिथे जसेच्या तसे चालणार नाहीत. थोडा वेळ गप्प बसा, नेहमीचे लोक काय करतात ते बघा, नाहीतर सरळ विचारा. विचारण्यात कसली लाज?

आपण काही कंजूस लोक नाही हो. दिवाळीत वॉचमनला, पोस्टमनला पोस्त देताना आपण हिशेब मांडत नाही. तीन डॉलर तासाला जड वाटत असतील, तर खरं म्हणजे ते टेबलच आपल्याला जड आहे. मग खुशाल बाहेर या आणि कारंजी बघा. ती अगदी फुकट असतात.

बसायचंच असेल, तर बजेट ठरवताना टिपचे पैसे त्यातच धरा, आणि पहिली चिप्सची थप्पी समोर आली की दहा-बारा एक-एक डॉलरच्या चिप्स वेगळ्या लावून ठेवा. पत्ते काय यायचे ते येतील.