मेंदूची शिदोरी

परीक्षानळी थोडी तिरकी धरायची. आत पाच मिलिलिटर लघवी, तीत तळाशी खडे उरतील इतकं अमोनियम सल्फेट घातलेलं, वर सोडियम नायट्रोप्रुसाइडचे दोन थेंब. मग काचेच्या कडेवरून अमोनियाचं तीव्र द्रावण अगदी सावकाश सोडायचं. वास नाकातून थेट डोळ्यांत जातो, पण नजर हलवायची नाही. जिथे दोन थर एकमेकांना टेकतात, तिथे जरा वेळाने एक जांभळं कडं उमटतं, परमँगनेटच्या रंगाचं. ही रोथेराची चाचणी, 1908 सालची. वैद्यकीय महाविद्यालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत माझी आणि कीटोनची पहिली भेट याच कड्यात झाली. प्रात्यक्षिकाच्या वहीत मी निष्कर्ष लिहिला, ‘कीटोन आहेत’, आणि खाली कारणं लिहिली: मधुमेह, उपासमार. एखाद्या सज्जन माणसाला आपण प्रथम पोलीस चौकीत पाहावं, तशी ती भेट होती.

त्या कड्यात तो स्वतः नव्हताच, हे पुढे कळलं. कीटोन हे तीन भावंडांचं घर. थोरला अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट. तो अस्थिर, आपोआप फुटतो, आणि त्यातून धाकटा अ‍ॅसिटोन निघतो, जो श्वासावाटे उडून जातो. उपाशी माणसाच्या तोंडाला पिकल्या फळासारखा, नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतो तो याचाच. मधला बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट. नाव लांबलचक, देह मात्र चार कार्बनचा. रसायनशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत तो कीटोन बसतही नाही, घराण्याच्या नावाने ओळखला जातो इतकंच. रोथेराच्या चाचणीला थोरला आणि धाकटा ओ देतात, मधला देत नाही. आणि लांबलेल्या उपासात रक्तात सर्वांत जास्त असतो तो हा मधलाच. सगळा भार वाहणारा, आणि हजेरीपटावर नाव नसलेला. हे शब्दचित्र त्याचं आहे.

त्याच्या घराण्यावर बट्टा लागला तो 1857 साली. प्राग शहरात पेटर्स यांना मधुमेहाच्या रुग्णाच्या लघवीत अ‍ॅसिटोन सापडला. 1874 मध्ये जर्मन वैद्य कुसमाउल यांनी अशा रुग्णांचा तो खोल, न थांबणारा श्वास नोंदवला; आम्लाने भरलेलं रक्त हलकं करण्याची शरीराची ती शेवटची धडपड. 1884 मध्ये बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटही रुग्णांच्या लघवीत सापडला आणि तिन्ही भावंडं एकाच आरोपात उभी राहिली. कीटोन दिसले की रुग्ण हाताबाहेर चालला, असं समीकरण झालं. 13 जानेवारी 1948 रोजी गांधीजींनी दिल्लीत आपलं अखेरचं उपोषण सुरू केलं, तेव्हा त्यांच्या लघवीत अ‍ॅसिटोन आल्याचं डॉक्टरांना आढळलं आणि सगळे काळजीत पडले. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्या वासाचा अर्थ एकच होता: घात.

पण एक कोडं सुटत नव्हतं. मेंदू हा शरीराच्या वजनाच्या अवघ्या 2 टक्के, आणि खातो मात्र एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा. त्याला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतात साठवलेलं ग्लुकोज एका दिवसाच्या उपासात जवळपास सरतं. चरबी पुष्कळ असते, 70 किलोच्या माणसात दहा-पंधरा किलो. पण चरबीतली मेदाम्लं मेंदूच्या उंबऱ्यावरच अडतात, आणि त्यांच्यापासून ग्लुकोजही बनत नाही. मग उरले स्नायू. त्यांतलं प्रथिन मोडून ग्लुकोज करायचं, तर माणूस दोन-तीन आठवड्यांत अंथरुणाला खिळून संपायला हवा. प्रत्यक्षात तसं होत नव्हतं. 1912 साली बॉस्टनच्या एका प्रयोगशाळेत लेवान्झिन नावाचे माल्टाचे गृहस्थ नुसत्या शुद्ध पाण्यावर 31 दिवस राहिले होते. त्यांच्या लघवीचा थेंब न् थेंब मोजला गेला. मग त्यांच्या मेंदूला एवढे दिवस कोण पोसत होतं?

याचं उत्तर त्याच बॉस्टनमध्ये, अर्धशतकानंतर मिळालं. जॉर्ज केहिल हे वैद्य आणि जीवरसायनाचे संशोधक. त्यांनी आणि ऑलिव्हर ओवेन यांनी अतिस्थूल अशा तीन व्यक्तींचा पाच-सहा आठवड्यांचा उपास रुग्णालयात, देखरेखीखाली घडवून आणला. पाणी, क्षार आणि जीवनसत्त्वं तेवढी दिली. मग मानेतल्या शिरेतून एक बारीक नळी वर सरकवली, मेंदूतून रक्त जिथे बाहेर पडतं तिथवर. दुसरी नळी धमनीत. पहिल्या नळीत मेंदूकडून परतणारं रक्त, दुसरीत मेंदूकडे जाणारं. दोन्ही तपासायची आणि एकातून दुसरं वजा करायचं. जे कमी भरलं, ते मेंदूने ठेवून घेतलं. इतकी साधी वजाबाकी. पण तोवर कुणी ती इतक्या लांबलेल्या उपासात केलेली नव्हती.

वजाबाकीत तो सापडला. परतीच्या रक्तात बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ठळकपणे कमी होता. मेंदूच्या जळणाचा मोठा वाटा, जवळजवळ दोन तृतीयांश, तो आणि त्याचा थोरला भाऊ मिळून उचलत होते. 1967 साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि शंभर-सव्वाशे वर्षांचा आरोपी शिदोरी पोचवणारा निघाला. मेंदूची ग्लुकोजची गरज दिवसाला चाळीसेक ग्रॅमवर उतरते, म्हणून स्नायू वाचतात. उपासाच्या तिसऱ्या दिवशी दिवसाला सुमारे 75 ग्रॅम प्रथिन मोडत असतं, चाळिसाव्या दिवशी ते सुमारे 20 ग्रॅमवर आलेलं असतं. नेहमीच्या अंगकाठीचा माणूस अन्नावाचून दोन महिन्यांच्या आसपास तग धरू शकतो, तो या फरकाच्या बळावर. आपल्या पूर्वजांनी जे दुष्काळ काढले, त्या प्रत्येक दुष्काळात हा त्यांच्या रक्तातून चालत होता.

त्याचा जन्म यकृतात होतो. चरबी मोडून आलेली मेदाम्लं यकृताच्या पेशींतल्या सूक्ष्म भट्ट्यांमध्ये शिरतात, दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांतून हा चार कार्बनचा घास वळला जातो. मेदाम्लाला रक्तात फिरायला प्रथिनाचा खांदा लागतो. हा पाण्यात सहज विरघळतो, एकटा हिंडतो आणि मेंदूचं दार त्याला उघडं असतं. कडक उपासात यकृत असे दीडशेक ग्रॅम कीटोन रोज तयार करतं. त्यातला एक कणही ते स्वतः खात नाही. कीटोन वापरायला जे एक विकर लागतं, ते हृदयात आहे, स्नायूंत आहे, मेंदूत आहे, यकृतात नाही. रांधणाऱ्याला त्या ताटावर हक्कच ठेवलेला नाही, म्हणून ताट भरलेलं पुढे जातं. शिकवताना या ठिकाणी मी दर वर्षी क्षणभर थांबतो. शरीराने वाटपाचा प्रश्न किती सचोटीने सोडवला आहे!

मग तो कधी जीवघेणा होतोच ना? होतो, आणि ते झाकून त्याचं चित्र पुरं होणार नाही. त्याच्यावर इन्शुलिनचा लगाम असतो. लांबलेल्या उपासातही थोडं इन्शुलिन रक्तात असतंच. कीटोन वाढले की ते इन्शुलिनला हलकेच जागं करतात, आणि चरबीचं मोडणं मर्यादेत राहतं. रक्तातलं त्यांचं प्रमाण तेव्हा लिटरला सहा-सात मिलिमोलवर स्थिरावतं. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात लगामच नसतो. चरबी मोडत राहते, यकृत घडवत राहतं, प्रमाण पंधरा-वीसच्या पुढे जातं आणि रक्त आम्ल होतं. 1922 मध्ये टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्शुलिन टोचलं जाईपर्यंत अशी मुलं डोळ्यांदेखत जात. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाच्या तोंडाला तो गोडसर वास आला आणि श्वास खोल झाला, तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं. दोष घास वळणाऱ्याचा नाही, ‘पुरे’ म्हणणारा घरात नाही हा आहे.

त्याच्या हातून झालेली कामं मात्र आता मोजता येतात. 1921 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधले वाइल्डर यांनी अपस्मारासाठी भरपूर चरबीचा, अगदी कमी पिष्टाचा आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या झटक्यांसाठी तो आजही, वैद्यकीय देखरेखीखाली, मुलांना दिला जातो. काही मुलांच्या मेंदूत ग्लुकोज आत नेणारा वाहकच जन्मतः अधू असतो. समोर अन्न आणि दार बंद. त्यांच्यासाठी हा दुसऱ्या दाराने आत जातो. जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांच्या तालमीत तयार झालेले रिचर्ड वीच यांनी आयुष्याचा मोठा भाग याच्याच अभ्यासाला दिला. उंदराचं धडधडतं हृदय शरीराबाहेर ठेवून त्यांच्या गटाने त्याला ग्लुकोजच्या जोडीला कीटोन दिले, तेव्हा तेवढ्याच प्राणवायूत हृदयाचं काम सुमारे पाव हिश्श्याने वाढलं. आणि दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाचा वाढता मेंदूही ग्लुकोजच्या बरोबरीने याच्यावर पोसला जातो. दुष्काळाच्या आधी तो पाळण्यात भेटलेला असतो.

आपल्याकडच्या एकादशीला तो सहसा येत नाही, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. खिचडीच्या दोन घासांत इन्शुलिन वर जातं आणि चरबीचं कोठार बंद होतं. निर्जळी करणारीच्या घरी मात्र तो संध्याकाळपर्यंत पोचतो, आणि महिनाभर गरम पाण्यावर मासखमण करणाऱ्या जैन तपस्व्याच्या घरी मुक्कामालाच असतो.

खरं तर रोज पहाटे तो आपल्या प्रत्येकाकडे येऊन गेलेला असतो. रात्रीचं जेवण जिरलं, यकृतातलं ग्लुकोज उतरणीला लागलं, की तो थोडासा, मिलिमोलच्या एखाद्या दशांशाइतका, रक्तात उतरतो. बोलावलं तर पुढे व्हायचं, म्हणून थांबून राहतो. मग स्वयंपाकघरात गॅस पेटतो, आधणात साखर पडते, कपातला पहिला घोट घशाखाली जातो. इन्शुलिन जागं होतं. आता गरज नाही, एवढं त्याला कळतं, आणि चहा संपून थोडा वेळ होतो न होतो तोच तो निघून गेलेला असतो.